धुऱ्यावरून : वीतभर काठ



आपल्यात एक म्हण आहे. कधी गाड्यावर नाव, तर कधी नावेवर गाडा. दिवस सारखे राहत नाहीत, एवढाच तिचा अर्थ आपण घेतो. पण पूर्णेच्या नाही तर वर्धेच्या काठी ज्यांचे बालपण गेले, त्यांना ठाऊक आहे की ही म्हण कोणी घरात बसून रचलेली नाही. सुताराच्या अंगणात नवी नाव तयार झाली की ती बंडीवर चढवून नदीपर्यंत न्यावी लागे. आणि पुढे पावसाळाभर तीच नाव बंडीची सुटी केलेली चाके, ढेपेची पोती, आजारी माणूस आणि माहेरी निघालेली लेक पैलतीरी पोचवीत असे.

मृग आता उंबरठ्यावर आहे. वखरणी आटोपली, बियाण्याच्या थैल्या घरात येऊन पडल्या. अशा दिवसांत नदीकाठच्या गावात आणखी एक काम निघते, ते म्हणजे नावेची डागडुजी. पूल झाले, रस्ते झाले, म्हणजे नाव संपली असे शहरातल्या माणसाला वाटते. पण ज्यांचे वावर नदीपलीकडे आहे, जे धरणात मासेमारी करतात, ज्यांच्या गावच्या ठेंगण्या पुलावरून दोन-दोन दिवस पाणी ओसरत नाही, त्यांची नाव अजून संपलेली नाही. शिवाय पूलही म्हातारा होतो. अकोला-अकोट रस्त्यावरचा गांधीग्रामचा जुना पूल २०२२ साली तडा गेल्यामुळे वाहतुकीला बंद करावा लागला. श्रावणात ज्या पूर्णेचे पाणी कावडीने अकोल्याच्या राजराजेश्वराला जाते, तिच्यावरचाच हा पूल.

तेव्हा आज नावेविषयी बोलू. ती कशी घडते ते सांगतो, कशी चालते ते सांगतो आणि माझ्या हातून झालेली एक चूकही सांगतो. शेवटी तुमच्या ग्रामसभेकडे एक मागणे आहे. ते रंगाच्या एका लहान डब्यापुरतेच आहे, भिऊ नका.

सुताराचा हात, भोयाची नजर

आपल्या भागात नाव दोन तऱ्हेची. एक डोंगा. हा एकाच बुंध्यातून कोरून काढतात. सरळ, निरोगी ओंडका घ्यायचा आणि वाकसाने आतून तासत जायचे. सोपे वाटते, पण दोन्ही काठ जाडीला सारखे उतरले पाहिजेत. एक बाजू जाड राहिली तर डोंगा जन्मभर त्या बाजूला कलतो. डोंगा अरुंद असतो. जाळे टाकणाऱ्या एका-दोघांपुरता तो ठीक. बायकापोरे बसवून नदी ओलांडायचे ते वाहन नव्हे.

दुसरी फळ्यांची नाव. तिच्या फळ्या सागाच्या. मेळघाटचा साग आपल्याला जवळचा, परतवाड्याच्या बाजारात मिळणारा. सागाच्या अंगातच तेल असते, म्हणून तो ओलीत लवकर कुजत नाही. फळ्यांना आतून धरून ठेवणाऱ्या फासळ्या मात्र बाभळीच्या. इथे सुताराची खरी परीक्षा. सरळ लाकूड कापून त्याला वाक दिला तर लाकडाच्या रेषा मधेच तुटतात आणि नेमकी त्याच जागी फासळी मोडते. म्हणून चांगला सुतार धुऱ्याधुऱ्याने हिंडून बाभळी पाहत असे. ज्या फांदीने वाढतानाच वाक घेतला आहे तीच तो निवडी, कारण तिच्या रेषाही वाकासोबत वळलेल्या असतात. लाकडी नांगराचे खोड निवडताना आपले वाडवडील हेच तर पाहत होते.

आपल्या नावेचा तळ बराचसा सपाट असतो. कोकणातल्या होडीला तळाशी मधोमध कणा असतो, तिला समुद्राची लाट कापायची असते आणि शिडाचा जोर सोसायचा असतो. आपल्या नद्या उन्हाळ्यात घोट्याएवढ्या आणि आषाढात पुरुष-दोन पुरुष खोल. तळ सपाट असला की नाव थोड्या पाण्यातही जाते आणि गाळाच्या काठावर अलगद चढते.

फळी फळीला कितीही नीट बसवली तरी फट राहतेच. ती कशाने भरायची? कापसाने! आपल्या वावरातला कापूस पिळून त्याची घट्ट वात करायची आणि बोथट किकऱ्याने ठोकून ती फटीत बसवायची. कापूस पाणी पितो, फुगतो आणि फट आवळून धरतो. वरून डांबर, नाही तर जवसाच्या तेलात खडूची भुकटी मळून केलेली लांबी. तेल जवसाचेच का? शेंगदाण्याचे तेल लावले तर ते ओलेच राहते. जवसाचे तेल मात्र हवेत सुकते आणि त्याचा चिवट पापुद्रा बनतो. कापूस आणि जवस, दोन्ही आपल्या वऱ्हाडची पिके. नदीवर चालणारी नावसुद्धा शेवटी आपल्या शेतानेच घडवलेली असे.

आता एक गंमत ऐका. नाव टिकवायची असेल तर ती बुडवून ठेवावी लागते! उन्हाळ्यात काठावर उलटी टाकलेली नाव चैत्र-वैशाखाच्या उन्हाने वाळते, फळ्या आकसतात, फटी उघडतात. म्हणून जाणता भोई डोहात तिच्यात दगड भरून ती पाण्याखाली ठेवी. लाकूड ओले राहिले की फुगलेले राहते. बंडीचे चाक उन्हाळ्यात खिळखिळे झाले, धाव सैल झाली, की आपण ते पाण्यात टाकतो, तीच ही युक्ती. लाकडाला सगळ्यात वाईट म्हणजे आज ओले, उद्या कोरडे. सतत पाण्यात किंवा सतत सावलीत ठेवलेले लाकूड त्यापेक्षा कितीतरी जास्त टिकते.

ही विद्या जुनाट झाली असे कोणी म्हणेल. तर त्याला सांगा, आपल्या नौदलाने २०२५ च्या मे महिन्यात ‘कौंडिण्य’ नावाचे शिडाचे लाकडी जहाज आपल्या ताफ्यात घेतले. त्याच्या फळ्या खिळ्यांनी ठोकलेल्या नाहीत, काथ्याच्या दोरीने शिवलेल्या आहेत. नमुना कुठून घेतला? आपल्या शेजारच्या अजिंठ्याच्या लेण्यातल्या चित्रावरून. ते गोव्यात बांधले, केरळच्या कारागिरांनी शिवले, आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात ते पोरबंदरहून मस्कतकडे निघालेसुद्धा. जुन्या कारागिराच्या हातात काय आहे, ते कधी कधी आपल्याला असे दूरवरून कळते.

नदी आडवी कापायची नसते

आपल्या नावेला शीड नसते. पूर्णा सातपुड्यात बैतूल जिल्ह्यात उगम पावते आणि अमरावती, अकोला, बुलढाणा असे तीन जिल्हे वळणे घेत ओलांडून चांगदेवला तापीला मिळते. तिचे काठ उंच, मातीचे. खाली वारा सरळ लागत नाही आणि पात्रही अरुंद, तिथे शीड उभारून काय करणार? म्हणून आपल्याकडे वल्हे आणि लांब बांबू. बांबू तळाला टेकवायचा आणि त्याच्यावर रेलून नाव पुढे ढकलायची. पाणी खोल झाले की वल्हे.

नवख्या माणसाला वाटते, समोर घाट दिसतो, सरळ तिकडे जावे. भोई तसे करत नाही. तो आधी आपल्याच काठाला लागून नाव वर नेतो, कारण काठाजवळ धार मंद असते. मग नावेचे तोंड जरा उगमाकडे तिरपे धरून धारेत घालतो. धार नावेच्या कुशीला रेटते आणि तो रेटाच तिला पलीकडे नेऊ लागतो. नाव खाली वाहत वाहत नेमकी समोरच्या घाटाला लागते. ज्या पाण्याची आपल्याला भीती वाटते त्याच पाण्याकडून तो काम करून घेतो. मात्र यासाठी नाव हलकी पाहिजे, वल्ह्याला ऐकणारी पाहिजे. जड झालेली नाव वल्ह्याचे ऐकत नाही, ती धारेचे ऐकते.

माझी चूक

आमचे गाव पूर्णेच्या अलीकडे, मूर्तिजापूरच्या बाजूला. धाकटी बहीण दिली होती पलीकडे, दर्यापूरच्या बाजूला. १९७४ सालची गोष्ट. भाद्रपद होता, घरी महालक्ष्म्या बसायच्या होत्या आणि मी बहिणीला माहेरी आणायला गेलो होतो. तिच्या कडेवर दीड वर्षाचा पोरगा. येता येता बाजारातून मी बैलांसाठी सरकीच्या ढेपेची दोन पोतीही घेतली होती.

घाटावर आलो तेव्हा दिवस कलला होता. पाणी गढूळ, पण पूर म्हणावा असा नव्हता. सणाचे दिवस, घाटावर माणसांची ही गर्दी. नाव असेल सोळा फुटांची. भोईबाबांनी सगळ्यांकडे पाहिले, माझ्या पोत्यांकडे पाहिले आणि म्हणाले, “दोन खेपा करू, भाऊ. काठ पाह्यना नावेचा.”

मी तेव्हा बावीस वर्षांचा. गावात आमच्या घराला मान होता आणि तो मान माझ्या डोक्यात होता. मी म्हणालो, “अंधार पडून रायला बाबा. दुसऱ्या खेपेला रात्र होईन. एकाच खेपेत ने सगळ्याइले.” मागून आणखी दोघांनी री ओढली. भोईबाबा क्षणभर थांबले. मग म्हणाले, “बसा मंग. पन कोनी हालू नोका.”

त्यांच्यासह आम्ही सतरा जण होतो. नावेचा काठ पाण्यापासून चार बोटे वर राहिला होता. हात बाहेर सोडला तर बोटे भिजत होती आणि पोरांना त्याचीच मौज वाटत होती.

मध्यावर आलो आणि नाव जराशी डावीकडे कलली. एवढ्यात एक जण आपले गाठोडे सावरायला उभा राहिला. काठावरून पाण्याचा एक पातळ पडदा आत आला. आवाजसुद्धा झाला नाही. पायाखाली गार लागले तेव्हा कळले. एक बाई ओरडली, माणसे उठू लागली. तेवढ्यात भोईबाबांनी वल्हे पोराच्या हाती दिले, त्यांचा पोरगा असेल चौदा वर्षांचा, आणि स्वतः मागच्या बाजूने पाण्यात उतरले. उडी मारली नाही, नाव हलू नये म्हणून अलगद उतरले. नावेची शेपटी धरून पाय मारता मारता ते एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होते, “खाली बसा, खाली बसा, काई होत नाई.” माझी बहीण एका हाताने पोराला छातीशी धरून दुसऱ्या हाताने तांब्याने पाणी बाहेर टाकत होती. मी काय करत होतो ते मला आजही नीट सांगता येत नाही.

नाव घाटाला लागली. सतरा माणसे वाचली. ढेपेची पोतीही वाचली, आणि पुढे महिनाभर त्या ढेपेकडे मला पाहवले नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी घाटावर गेलो. बाबा नाव उलटी करून फटी तपासत होते. मी माफी मागायला तोंड उघडले, तर तेच म्हणाले, “तुमचं काई नाई, भाऊ. मले नाई म्हनता आलं पायजे होतं.”

वाचकहो, या वाक्याने मला पन्नास वर्षे सोडलेले नाही. ज्याचे पोट एकेका उतारूच्या पैशावर आहे, तो गावातल्या वजनदार घरच्या पोराला ‘नाही’ कसे म्हणणार? त्याला सगळे कळत होते. कळत असूनही म्हणता येत नव्हते. दोष कळण्याचा नव्हताच.

इंचाचा हिशेब

आता पाटी-पेन्सिल घ्या. शाळेतल्या पोरांकडून करून घ्या, त्यांनाही आवडेल. नाव सोळा फूट लांब, चार फूट रुंद. दोन्ही टोके निमुळती, म्हणून पाण्यावर तिची जागा धरू पंचेचाळीस चौरस फूट. नाव जेवढे पाणी बाजूला सारते, तेवढेच वजन ती पेलते. एक इंच खाली गेली तर तिने सारलेले पाणी भरते शंभर-सव्वाशे लिटरच्या मधे, म्हणजे शंभर किलोच्या थोडे वर. याचा अर्थ सरळ आहे. दोन माणसे बसली की नाव एक इंच खाली जाते. क्विंटलभराचे पोते ठेवले तरी एक इंच.

रिकाम्या नावेचा काठ पाण्यापासून चौदा इंच वर आहे असे समजा. दहा माणसे बसली, पाच इंच गेले, नऊ उरले. नऊ इंच म्हणजे एक वीत. आमच्या नावेत सतरा माणसे आणि दोन पोती होती. साडेआठ इंच माणसांचे, दोन इंच पोत्यांचे. उरले साडेतीन. तीच ती चार बोटे.

अरुंद डोंग्याचा हिशेब याहून कडक. तिथे एका माणसामागेच एक इंच जातो.

आणखी दोन गोष्टी ध्यानात ठेवा. पहिली अशी की नावेत इंचभर पाणी शिरले तर तेही शंभरेक किलो, म्हणजे न बोलावलेली दोन माणसे. आणि ही दोन माणसे एका जागी बसत नाहीत, नाव ज्या बाजूला कलेल त्याच बाजूला धावतात. दुसरी अशी की उभ्या माणसाचे वजन वाढत नाही, पण ते उंच जाते. उंच लादलेली कडब्याची बंडी उतारावर कशी डोलते ते तुम्ही पाहिले आहे. तसेच हे.

भोईबाबा पाण्यात उतरले तेव्हा आम्हाला किती मिळाले? हिशेबाने फक्त अर्धा इंच. त्या अर्ध्या इंचाने आणि खाली बसलेल्या माणसांनी आम्हाला घाटाला लावले.

शेतीचे गणित असो की नावेचे, मोठे साहेब लोकही शेवटी याच ठिकाणी येतात. इंग्लंडात पूर्वी मालक जहाजे बेसुमार भरत. जहाज बुडाले तर विम्याचे पैसे मिळत, खलाशी मात्र जात. अशा जहाजावर चढायला नकार देणाऱ्या खलाशांना तुरुंगात टाकत. सॅम्युअल प्लिम्सॉल नावाचा एक खासदार याविरुद्ध वर्षानुवर्षे भांडला आणि १८७६ साली तिथे कायदा झाला, की प्रत्येक जहाजाच्या कुशीवर एक रेघ रंगवावी. मग पुढे ती रेघ कुठे असावी याचेही नियम झाले. रेघ पाण्याखाली गेली की माल चढवणे बंद. आज जगभरची जहाजे अशी रेघ मिरवतात. त्या रेघेने काय केले? जे खलाशाला बोलता येत नव्हते ते रेघ बोलू लागली.

तीन बातम्या

हे मी आज का सांगतो आहे? १४ सप्टेंबर २०२१ ला आपल्या वरुड तालुक्यात, झुंज येथे, वर्धेच्या पाण्यात एक लहान नाव उलटली. एकाच कुटुंबातली आणि नात्यागोत्यातली ११ माणसे गेली. घरच्या दुःखाच्या विधीसाठी जमलेली माणसे होती ती. लहान नावेत माणसे जास्त झाली होती असे तेव्हाच्या बातम्यांत आले.

जानेवारी २०२४ मध्ये गडचिरोली जिल्ह्यातल्या गणपूरजवळ वैनगंगेत नाव उलटली. मिरची तोडायला पलीकडच्या शेतात निघालेल्या ६ महिला गेल्या. पावसाळा नव्हता, पूर नव्हता. रोजच्या मजुरीला निघालेल्या मायबहिणी होत्या.

आणि २१ मे २०२४ ला सोलापूर जिल्ह्यातल्या कुगावहून पुणे जिल्ह्यातल्या कळाशीला निघालेली नाव उजनीच्या धरणात वादळी वाऱ्याने उलटली. त्यातही ६ जण गेले. नदीत उंच काठ वारा अडवतात, धरणाच्या मोकळ्या पाण्यात अडवणारे कोणी नसते. मोर्शीजवळचे आपले अप्पर वर्धा, महानचे काटेपूर्णा, ही पाणीही तशीच मोकळी. वळवाचे ढग दिसले, वारा एकदम पडला किंवा एकदम फिरला, तर अशा पाण्यात नाव घालूच नये. घातली असेल तर जवळचा काठ धरावा, मग तो आपल्या गावचा असो की नसो.

ध्यानात ठेवायच्या गोष्टी

१) नावेत पाय ठेवण्याआधी आत पाहा. तळाला पाणी असेल तर आधी ते काढायला लावा. पाणी काढायचा डबा नावेत बांधलेलाच हवा.

२) नावेच्या मधोमध पाय ठेवा, लगेच खाली बसा आणि उतरेपर्यंत उठू नका. लेकराला तळावर आपल्या दोन पायांत बसवा. ओच्याने किंवा ओढणीने त्याला अंगाशी बांधू नका. बहिणींनी पदर खोचून घ्यावा, चपला काढून ठेवाव्यात.

३) जनावर आणि माणसे एका खेपेत नकोत. बकरी बिथरली की सगळी माणसे एका बाजूला सरकतात.

४) पूर्वी वाळका भोपळा पोटाला बांधून लोक नदी पोहून जात. आज रक्षक जाकीट मिळते, ते प्रत्येकाला एक असावे. ते येईपर्यंत घट्ट झाकणाची दहा लिटरची रिकामी प्लास्टिकची कॅन प्रत्येकाच्या हाताशी असू द्या. जाकिटाची सर तिला नाही, पण धरून ठेवली तर एक माणूस तोंड वर ठेवू शकतो.

५) नाव उलटलीच तर ती सोडू नका. लाकडी नाव पाण्याने भरली तरी सहसा तळाला जात नाही. तिच्यावर चढायची धडपड न करता अंग पाण्यातच ठेवून तिला धरून राहा. वाहत्या पाण्यात नावेच्या वरच्या बाजूला, म्हणजे उगमाकडे राहा, नाही तर नाव आणि खडक यांच्यात माणूस चेपतो.

६) बुडालेल्या माणसाला बाहेर काढल्यावर उलटे टांगू नका, गरगर फिरवू नका, पोट दाबू नका. श्वास चालत नसेल तर नाक दाबून तोंडाने श्वास द्या, छाती जोराने दाबत राहा आणि कोणाला तरी १०८ ला फोन करायला लावा. एकही क्षण घालवू नका.

माझे मागणे

आता ते रंगाच्या डब्याचे. तुमच्या गावात किंवा गावच्या धरणावर जेवढ्या नावा माणसे नेतात, त्या प्रत्येकीच्या दोन्ही कुशींवर काठापासून एक वीत खाली एक पांढरा पट्टा ओढा. नाव पाण्यात रिकामी सोडा, मग एकेक माणूस बसवत जा आणि पट्ट्याला पाणी टेकले की थांबा. तो आकडा मोठ्या अक्षरात नावेवर लिहा. पावसाळ्यात आणि धरणाच्या मोकळ्या पाण्यात त्यातली दोन-तीन माणसे आणखी कमी करा. एक दिवसाचे काम आहे. सरपंच, शाळेचे गुरुजी आणि भोई-मच्छीमार मंडळी यांनी मिळून करावे, आणि ग्रामसभेत तसा ठराव लिहून ठेवावा. दर वर्षी मृगाआधी पट्टा ताजा करावा. तोच नावेच्या फटी तपासण्याचाही दिवस.

हा पट्टा नावाड्यासाठी नाही. त्याला काठ दिसतोच. हा पट्टा तुमच्या-माझ्यासाठी आहे, घाई झालेल्या, मानपान असलेल्या, ‘एकच तर खेप आहे’ म्हणणाऱ्या माणसासाठी. नावाडी ‘नाही’ म्हणाला तर आपल्याला राग येतो. पट्ट्यावर कोणी रागावत नाही.

आमचे भोईबाबा पुढे पुष्कळ वर्षे घाटावर होते. त्यांच्या हातून कधी कोणी बुडाले नाही, म्हणून त्यांचे नाव कुठल्याही वर्तमानपत्रात आले नाही. बहिणीच्या कडेवरचा तो पोरगा आता स्वतः आजा झाला आहे. परवा तो भेटला तेव्हा मी त्याला ही गोष्ट पहिल्यांदाच सांगितली. तो बराच वेळ गप्प राहिला आणि मग विचारले, “मामा, त्यांची नाव कुठं आहे आता?” मी म्हणालो, पूल झाला आणि नाव घाटावरच वाळून गेली. बुडवून ठेवायला कोणी उरले नव्हते.

तुमच्या घाटावर नाव असेल तर या आठवड्यात एकदा जाऊन पाहून या. पट्टा ओढलात तर पोस्टकार्ड टाकून कळवा, आकडा किती आला तेही लिहा.

पाऊसपाणी चांगले होवो. पुढच्या अंकी भेटूच.

राम राम.